कललेल्या फोटोतली सरळ भिंत

उस्मानाबाद जिल्ह्यात पुण्याहून कुणी हौसेनं फिरायला जात नाही. तुळजापूरला नवस फेडायला जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. मीही एरवी गेले नसते. मला तिकडं नेलं एका फोटोनं, आणि तो फोटो मी काढलेलाही नव्हता.

दामले सर हे पुण्यातले वयस्कर वास्तुविशारद. त्यांच्या इमारतींचे फोटो गेली बरीच वर्षं मीच काढते आहे. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी मला घरी बोलावलं. मांडीचं हाड मोडल्यामुळं ते पलंगावरच होते. उशाशी ठेवलेला एक फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. काळ्या दगडाची दुमजली इमारत होती. दोन्ही कडांच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडं झुकलेल्या, सगळी इमारत पाठीमागं कलंडल्यासारखी, आणि उजव्या कोपऱ्याला तर चांगलं पोट सुटलेलं. त्या पोटाभोवती कुणीतरी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता.

ही इमारत भूम तालुक्यातल्या ईटची. बहात्तरच्या दुष्काळात या गावातली बरीच कुटुंबं खडी फोडायला गेली होती. पुढं पाऊस झाला, पण त्यातल्या काहींनी हातोडे खाली ठेवले नाहीत. त्यांनी मजुरांची सहकारी संस्था काढली आणि रस्त्यांची, बंधाऱ्यांची लहान कामं घ्यायला लागले. संस्थेत बहुतेक घरं बौद्धवाड्यातली, थोडी इतरही. कामात हात बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एक इमारत बांधली. आसपासच्या वस्त्यांवरच्या मुलींना राहून हायस्कूल शिकता यावं म्हणून हे वसतिगृह. या कामात पुढाकार घेणाऱ्या तिथल्या सुलोचनाबाई सरांच्या मुलीच्या वर्गमैत्रीण, म्हणून नकाशा सरांनी काढून दिला होता.

काम पुरं झाल्याचा अहवाल जिल्ह्याच्या कचेरीत गेला, त्याला हा फोटो जोडला होता. तिथल्या अभियंत्यांनी फोटो पाहून शेरा मारला, की भिंत कललेली आहे, कोपऱ्याला फुगवटा आहे, पाहणी होईपर्यंत इमारत वापरू नये. पाहणीला मात्र कुणी येत नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडणार होती. शिवाय, बांधकाम कच्चं करतात असं नाव झालं तर संस्थेला पुढं काम कोण देणार?

सर म्हणाले, "हे लेन्सचं काम आहे असं मला वाटतं. पण मी जाऊन बघू शकत नाही, आणि कुणीतरी बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. वसुधा, तू जा."

ईट

मी जय्यत तयारीनं निघाले. इमारतींसाठी माझ्याकडं एक जुना लाकडी कॅमेरा आहे, भात्याचा. त्याची पुढची चौकट लेन्ससकट वर सरकवता येते. त्यामुळं कॅमेरा आकाशाकडं न उचलता, सरळ समोर ठेवूनच उंच इमारतीचा माथा पकडता येतो आणि भिंती उभ्याच्या उभ्या राहतात. ही पेटी मी मांडीवर घेऊन बसायचं ठरवलं होतं. जामखेडपर्यंत तसं जमलंही. तिथं गाडी बदलली, गर्दी झाली आणि कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला लावली. ईटच्या थांब्यावर ती खाली काढली तेव्हा तिच्यावर नांगराचा एक लोखंडी फाळ विसावलेला होता. पेटी उघडली तर पुढची चौकट मधोमध चिरलेली आणि भाता फाटलेला.

मी त्या थांब्यावर, उन्हात, पेटीशेजारी मटकन बसले. समोरून छत्री घेतलेल्या एक बाई आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, ताठ चालीच्या. त्यांनी पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाल्या, "आधी घरी चला, ताई. जेवण झाल्यावर काय मोडलंय ते बघू."

या सुलोचनाबाई. गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या, छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या घरातल्या. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आईनं दुष्काळात खडी फोडली, आणि यांनी पुण्यात शिकून परत ईटलाच नोकरी मागून घेतली. वसतिगृहाला लागूनच असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मला ज्वारीची भाकरी, उडदाचं घुटं आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. आमच्याकडं आमटी म्हणजे तुरीची, त्यात गूळ. घुट्यात गूळ नाही, चिंच नाही, नुसता लसूण, मिरची आणि उडदाचा तो गुळगुळीत दाटपणा. दोनदा वाढून घेतलं. आतापर्यंत रडू आवरलं होतं, ते तिसऱ्या घासाला आपोआप मागं गेलं.

उन्हं कलल्यावर आम्ही वसतिगृह बघायला गेलो. मी सगळ्यात आधी कोपरा गाठला आणि भिंतीला गाल टेकवून वर बघितलं. एकही दगड बाहेर नव्हता. नंतर संस्थेतल्या दोघी बायकांनी गच्चीच्या कठड्यावरून ओळंबा, म्हणजे शिशाचा गोळा बांधलेली दोरी, सोडून दाखवला. दोरी भिंतीपासून वर जेवढी लांब, तेवढीच खाली. भिंत अगदी सरळ होती. त्या बायकांना मी काहीच नवीन सांगत नव्हते, त्यांनी ती बांधलीच होती. त्यांना एवढंच कळत नव्हतं, की फोटोत ती वाकडी कशी झाली.

मी त्यांना माझ्या छोट्या कॅमेऱ्यातून बघायला लावलं. तो एकच आता धड उरला होता. त्याला वाइड अँगल लेन्स होती, जवळ उभं राहूनही पुष्कळ काही चौकटीत घेणारी. कॅमेरा समोर धरला की भिंती उभ्या दिसत, पण वरचा मजला कापला जाई. तो दिसावा म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर केलं, की इमारतीचा माथा दूर गेल्यासारखा लहान व्हायचा आणि भिंती आत झुकायच्या. आणि तोच कोपरा चौकटीच्या अगदी कडेला नेला की त्याची उभी रेघ बाहेर फुगायची. त्यातली एक बाई, शांताबाई, कॅमेरा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आमी बांधलं ते बरोबर हाय. बघनाऱ्याची मान वर हाय म्हनून हे झालं."

यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पण उपाय अवघड होता. वसतिगृहासमोरची गल्ली इतकी चिंचोळी, की मागं सरायला जागाच नाही. पाठ टेकायला समोर एका घराची मातीची भिंत. इमारतीच्या निम्म्या उंचीवर, थोडं मागं जाऊन उभं राहता आलं असतं तर हाच छोटा कॅमेरा पुरला असता. मी मान वळवून त्या समोरच्या घराकडं पाहिलं. त्याचं सपाट मातीचं छप्पर, ज्याला तिकडं माळवद म्हणतात, बरोबर त्या उंचीवर होतं आणि मागं ऐसपैस पसरलेलं होतं.

"तिथून काढू," मी म्हटलं.

सुलोचनाबाईंनी त्या घराकडं मान वळवलीही नाही. मग म्हणाल्या, "ते घर सोडून कुठंही सांगा."

भूम

दुसऱ्या दिवशी मी एकटीच भूमला गेले. मूळ फोटो तिथल्या नूरभाईंनी काढला होता, आणि फिल्म धुवायला मला त्यांची अंधारी खोली लागणार होती. बाजारात शिरताच आटणाऱ्या दुधाचा वास आला. खव्याच्या भट्ट्या भर उन्हात चालू होत्या, आणि त्या धगीपुढं बसून माणसं लांब उलथन्यांनी कढया ढवळत होती. एका दुकानदारानं, मी विकत घेईन की नाही याची वाट न बघता, पानावर कोमट खवा साखर घालून दिला. पुण्यात आधी विचारतात, मग देतात.

नूरभाईंचा स्टुडिओ एका शिंप्याच्या दुकानावर. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. मी ईटहून आले म्हटल्यावर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभेच राहिले. वसतिगृह बंद राहिल्याचं त्यांना कळलं होतं. तेव्हापासून ते ईटला गेले नव्हते. तिथल्या लग्नांची कामंही त्यांनी दुसऱ्या फोटोग्राफरकडं वळवली होती.

लेन्स त्यांच्या मेहुण्यानं आखातातून आणलेली. तिच्यामुळं अख्खं वऱ्हाड एका फोटोत मावायचं, म्हणून त्यांना तिचं फार कौतुक. "बाई बोलल्या, पूरी बिल्डिंग आली पाहिजे," ते म्हणाले. "मी पूरी आनली, ताई. पाठ भिंतीला लावून, वाकून, पूरी आनली."

मी त्यांना सांगितलं, की त्या गल्लीत, त्या लेन्सनं, पूर्ण इमारत आणायची तर मीही तेच केलं असतं. त्यांचा फोटो वाईट नव्हता. तो ज्यांनी वाचला त्यांना तो कुठून काढलाय हे ठाऊक नव्हतं.  नूरभाई खाली जाऊन चहा घेऊन आले.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, की फोटो छापताना कागद तिरपा ठेवला तर झुकलेल्या भिंती सरळ होतात, तसं करून बघायचं का? युक्ती खरी आहे. पुण्यात मी ती सर्रास वापरते. पण इथं ती चालणार नव्हती. कचेरीनं निगेटिव्ह मागितली असती आणि तिच्यात भिंत वाकडी दिसली असती, तर मग आमच्यावर कुणीच विश्वास ठेवला नसता. फोटो मुळातच सरळ यायला हवा होता.

"मग मी येतो," नूरभाई म्हणाले. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर परतीच्या गाडीत बसले. ईटच्या थांब्यावर ते सगळ्यांत शेवटी उतरले. सुलोचनाबाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी नूरभाईंच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि फोटोचा विषयच काढला नाही.

गोदाबाईंचं माळवद

समोरचं घर गोदाबाईंचं. मेंढपाळ घरातल्या, पंचावन्नच्या पुढच्या, नवरा वारल्यावर मेंढरं आणि शेत दोन्ही एकटीनं सांभाळणाऱ्या. वसतिगृह जिथं उभं आहे तिथं पूर्वी उन्हाळ्यात त्यांची मेंढरं बसायची. जागा गावठाणाची, पण आपल्या सासऱ्यापासूनची वहिवाट मोडली असं त्यांचं म्हणणं. पाया खोदायला सुरुवात झाली त्या दिवशी त्यांचं आणि सुलोचनाबाईंचं जोरात भांडण झालं होतं. त्या भांडणात जातीवरूनही एक शब्द गेला होता. कुठला, ते सुलोचनाबाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून समोरासमोर राहून दोन वर्षं बोलणं नव्हतं.

मी एकटीच गेले. गोदाबाई अंगणात बसून लोकर पिंजत होत्या. मी कोण, कुठली, हे विचारून झालं. पाणी मिळालं. मग मी माळवदावर चढू द्याल का असं विचारलं, आणि कशासाठी तेही सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"माझ्या घरावरनं त्यांचं काम?" त्या म्हणाल्या. "न्हाय जमायचं."

 मी पिशवीतून नूरभाईंचा फोटो काढून त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, यावरून इमारत बंद पडली आहे. त्यांनी फोटो उन्हाकडं धरला, मग लांब केला, मग परत जवळ आणला. लाल गोलावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"भिंतीला पोट आलंय, असं साहेब म्हणतात."

गोदाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि समोरच्या कोपऱ्याकडं बघून परत आल्या. त्यांचा चेहरा रागानं ताठ झाला होता.

"पोरी, ती भिंत बांधताना म्या रोज वर बसून बघितलीया. पहिल्या दगडापास्नं. कुठं चुकत्यात, कुठं पडतंय, ह्याच्यासाठीच बघायची म्या. एक दगड वाकडा न्हाय बसला. माझं भांडण जागेचं हाय, भिंतीशी माझं भांडण न्हाय." आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "पर त्या बाईनं स्वतः येऊन इचारायला पायजे."

हा निरोप घेऊन गल्ली ओलांडणं मला पुण्याहून ईटला येण्यापेक्षा जड गेलं. सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, की आयुष्यभर आमच्याच माणसांनी दारात उभं राहून विचारायचं का?   संध्याकाळभर त्या संस्थेच्या हिशेबाच्या वह्या तपासत बसल्या. एकही वही पुढं सरकत नव्हती हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

सकाळी त्यांनी धुतलेलं पातळ नेसलं आणि मला म्हणाल्या, "चला."

गोदाबाईंच्या दारात त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. "मावशी, फोटो काढायला तुमच्या माळवदावर यायचंय. येऊ का?"

गोदाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बाहीर का उबी?" त्या म्हणाल्या. "जिना आतनं हाय."

एवढंच झालं. सुलोचनाबाई आत आल्या, मी मागून, नूरभाई कॅमेऱ्याची तिपाई घेऊन माझ्या मागून.

माळवदावरची पांढरी माती चोपून गुळगुळीत केलेली. तिपाईचे टोकदार पाय तिच्यात घुसून पावसाळ्यात गळती लागली असती, म्हणून गोदाबाईंनी खाली घोंगडं अंथरलं आणि प्रत्येक पायाखाली एकेक पाट दिला. मी अगदी मागच्या कडेपर्यंत सरकले. कॅमेऱ्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा मध्ये येईपर्यंत पाय खालीवर केले. कॅमेऱ्याची नजर आता जमिनीला समांतर होती. इमारत चौकटीच्या मधोमध मावली, चारी बाजूंना जागा सोडून, म्हणजे कडेची रेघ फुगायला वाव नाही.

मग मी वसतिगृहाच्या गच्चीवर थांबलेल्या शांताबाईंना दोन्ही कोपऱ्यांशी ओळंबे सोडायला सांगितलं, चुन्यात बुडवलेल्या पांढऱ्या दोऱ्यांचे. भिंत सरळ आहे की नाही हे फोटोतच दिसावं म्हणून. काळ्या दगडावर त्या दोऱ्या लखलखीत उठल्या. इतक्यात मागून काही ओढल्यासारखं वाटलं. उन्हाची तिरीप टाळायला डोक्यावर घ्यायचा माझा काळा कपडा, आमच्या मागोमाग जिन्यानं वर आलेल्या एका शेळीच्या तोंडात होता. गोदाबाईंनी तो सोडवला, पण एक टोक तिनं खाल्लंच. ते भोक अजून आहे, मी शिवलेलं नाही.

त्यानंतर वारा सुटला. गल्लीतून धुळीची वावटळ फिरली आणि ओळंबे झुलायला लागले. आम्ही थांबलो. समोरच्या गच्चीवर शांताबाई आणि त्यांची सोबतीण, इकडं आम्ही चौघं, सगळ्यांची नजर त्या दोन दोऱ्यांवर.  दोऱ्या हळूहळू निवांत झाल्या. मी बटण दाबलं, आणखी दोनदा दाबलं.

मग खाली उतरून मी गल्लीत गेले. नूरभाई जिथं उभे होते तिथंच पाठ टेकली, त्यांचीच लेन्स मागून माझ्या कॅमेऱ्याला लावली, त्यांच्यासारखीच मान वर केली, आणि त्याच फिल्मवर ओळंब्यांसकट तोच वाकडा फोटो पुन्हा काढला.

त्या दुपारी भूमच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, पहिला कागद पाण्यात हलवताना नूरभाई माझ्या शेजारी उभे होते. माळवदावरचा फोटो आला. भिंती उभ्या, दोऱ्या उभ्या. मग गल्लीतला आला. भिंती झुकलेल्या, उजवा कोपरा फुगलेला, आणि त्याच्या शेजारची ओळंब्याची दोरी तश्शीच झुकलेली, तश्शीच फुगलेली.

"डोरी भी टेढी," नूरभाई पुटपुटले. जड शिशाचा गोळा लावलेली दोरी वाकडी लोंबत नाही, हे कुणालाही सांगावं लागत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "झूट नई बोला मेरा फोटो, ताई. पूरा नई बोला."

धाराशिव

उस्मानाबादला तिकडची जुनी माणसं धाराशिवच म्हणतात. कचेरीत जायला सुलोचनाबाई आणि मी दोघीच निघणार होतो. थांब्यावर पोहोचलो तर गोदाबाई तिथं आधीच बसलेल्या, कडक इरकली लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून. साहेबाला म्या सांगते, म्हणाल्या. गाडीत त्या मधे बसल्या आणि एका बाजूला सुलोचनाबाई, दुसऱ्या बाजूला मी. भाकरी सोडली तेव्हा त्यांनी तिचे तीन भाग केले आणि कुणाला हवी का असं न विचारता हातावर ठेवले. सुलोचनाबाईंनी आपला भाग क्षणभर नुसता धरून ठेवला. मग खिडकीबाहेर बघत बघत खाल्ला.

अभियंता मी मनात रंगवला होता तसा नव्हता. तरुण, थकलेला, टेबलावर टंचाईच्या कामांचे गठ्ठे. मागच्या पावसाळ्यात एका गावात शाळेची भिंत बसली होती, मुलं सुट्टीवर होती म्हणून वाचली, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून संशय आला की तो परवानगी देत नाही. मला हे ऐकून त्याच्याबद्दल आदरच वाटला.

त्यानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मग विचारलं, जे मी अपेक्षिलंच होतं: छापताना काही केलं आहे का? मी न कापलेली निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. त्यानं ती भिंगातून पाहिली. मग फूटपट्टी घेऊन वाकड्या फोटोतल्या भिंतीवर लावली, आणि तिचा कल न बदलता ती दोरीकडं सरकवली. भिंत जितकी झुकलेली तितकीच दोरी. हे त्यानं दोनदा केलं.

गोदाबाई तोवर उभ्याच होत्या. आता त्या पुढं झाल्या.

"साहेब, ती जागा आमच्या मेंढरांची हाय, हे माझं म्हननं म्या सोडनार न्हाय. पर भिंत सरळ हाय. म्या रोज बघितलीया."

अभियंत्यानं तिघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि बसायला खुर्च्या मागवल्या. पुढच्याच आठवड्यात तो स्वतः ईटला गेला, ओळंबा लावून पाहिला, आणि शाळा उघडण्याआधी मुली वसतिगृहात राहायला आल्या. हे मला पुण्यात परतल्यावर कळलं. त्या दिवशी मात्र तो एवढंच म्हणाला, की मी येतो.

तेर

कचेरीतून बाहेर आलो तेव्हा ईटची गाडी निघून गेली होती. गोदाबाईंचं माहेर तेरचं. आज तिथं राहू, उद्या जाऊ, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

तेरला आम्ही दुपार टळताना पोहोचलो. तेरणेच्या पात्रात पाणी थोडंच, काठाकाठानं म्हशी डुंबत होत्या. गोदाबाईंनी आम्हाला विटांचं जुनं देऊळ दाखवायला नेलं. ते फार प्राचीन, पाठीमागून गोलाकार, जाड विटांचं. मी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं मागं सरत गेले. इथं मागं सरायला हवी तेवढी जागा होती. चांगल्या अंतरावरून, सरळ नजरेनं, मी त्या देवळाचा एक फोटो घेतला. सुलोचनाबाई आणि गोदाबाई त्याच्या सावलीत बसल्या होत्या आणि मेंढरांसाठी गावाच्या वरच्या अंगाला दुसरी जागा मिळेल का, यावर वाद घालत होत्या. सुलोचनाबाई म्हणत होत्या, की अर्ज मी लिहून देते. गोदाबाई म्हणत होत्या, की आधी जागा बघायची, मग अर्ज.

संध्याकाळी गोदाबाईंच्या भावाच्या घरी गेलो. भाऊ रानातून यायचा होता. भावजयीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता आमची विचारपूस सुरू केली. मी पुण्याची, फोटो काढणारी, हे तिला लगेच पटलं. मग तिनं सुलोचनाबाईंकडं पाहून गोदाबाईंना विचारलं, "आन ह्या कोन म्हनायच्या, वन्सं?"

मला ठाऊक होतं की हा प्रश्न नावाचा नाही. सुलोचनाबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि पाठ ताठ केली, जशी मी त्यांना पहिल्यांदा थांब्यावर पाहिली होती. त्या स्वतःच उत्तर देणार असं मला दिसलं.

गोदाबाई तोवर भिंतीशी टेकून पाय चोळत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही.

"माझ्या शेजारीन हायेत," त्या म्हणाल्या. "आमचं दारासमोर दार हाय. ताटं एका वळीत मांड."

भावजयीनं ताटं एका ओळीत मांडली.